पहिलं नाव नाबांचं

पोलिकार्प झिएम विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवतात. मोठा माणूस म्हणावा असं त्यांच्यात काही नाही. भाड्याची एक खोली, एक मोटरसायकल, पार पश्चिमेला दवाखान्यात नर्स असलेली बायको, आणि सहाशे चाळीस विद्यार्थी. सहाशे चाळीस हा आकडा त्यांनीच सांगितलेला. आपण 'सहा-सातशे' म्हणून सोडून देऊ, त्यांना ते जमत नाही. बाजारात कांदे घेताना सुद्धा ते मोजतात आणि एक जास्त आला तर परत देतात. अशा माणसाला आमच्याकडे लोक अर्धवट म्हणतात. मीही म्हटलंय.

ओळख झाली ती बोल्गा शहरातल्या पाणी कचेरीच्या बाकावर. माझ्या गावच्या, कुलिगाच्या, अकरा बायका घेऊन मी तिथे भांडायला गेले होते. मी चौथीच्या पुढची शाळा पाहिलेली नाही. अर्ज कसा लिहायचा आणि साहेबाच्या टेबलावर हात किती जोरात आपटायचा, हे मी बाहेरच शिकले. बाकाच्या टोकाला एक लांबोडका माणूस मांडीवर फाइल घेऊन बसला होता. शिपायाने 'झिएम' असा पुकारा केला आणि आमच्या बायका खुदकन हसल्या. झिएम म्हणजे दागारे जमातीचा. दागारे आणि आम्ही फ्राफ्रा, यांच्यात थट्टेचं नातं आहे. त्यांनी आम्हाला गुलाम नाहीतर कुत्रेखाऊ म्हणायचं, आम्ही त्यांना गुलाम, आणि जो रागावला तो हरला.

"ए गुलामा," मी म्हटलं, "धनीण उभी, आणि तू बाकावर?"

तो उठला. बाक हाताने पुसला. "बसा, लामिसीबाई. सकाळी सकाळी कुत्र्याची मुंडी रिचवून आलेल्या माणसाला उभं राहवत नाहीच."

माझं नाव त्याला आधीच माहीत होतं. शिपायाने सांगितलं असणार, 'ती भांडकुदळ बाई' म्हणून. तिथून आमचं जमलं. मी त्यांना अहोजाहो करते ती नंतरची गोष्ट.

आत साहेबापुढे दोघं एकदमच गेलो, कारण दोघांचं काम एकच निघालं. कुलिगाचं पाणी. आमच्या सतरा नंबरच्या हापशाचं पाणी गोड आहे, थंड आहे, उन्हाळ्यात आटत नाही, आणि त्यात खडकातलं फ्लोराइड आहे. त्याने आमचे दात तपकिरी होतात. म्हाताऱ्यांचे गुडघे वाकत नाहीत, काहींच्या पोरांचे पाय धनुष्यासारखे. पोरी कामाला दक्षिणेत जातात तेव्हा तोंडावर हात धरून बोलतात. हे सगळं आम्ही देवाचं देणं समजत होतो. झिएम सरांनी ते मोजलं. अकरा वर्षं, आजूबाजूचे त्रेचाळीस हापसे, दर मोसमात. लिटरला दीड मिलिग्रॅमपर्यंत ठीक. सतरा नंबरला चार पूर्णांक सहा.

साहेबाचं नाव ओफोसुहेने, दक्षिणेतला माणूस, वाईट नव्हता. त्याने फाइल चाळली आणि सांगितलं की धरणावरून नवी पाइपलाइन येणार आहे, कुठली गावं घ्यायची ती यादी पुढच्या वर्षी नोव्हेंबर अखेर बंद होते, आणि यादीत येण्यासाठी पुरावा लागतो. मी म्हटलं, पुरावा समोर बसलाय, तोंड उघडून दाखवू का? तो म्हणाला, दात राजधानीला, अक्राला पाठवता येत नाहीत. फाइल टाइप करून कोणीही आणेल. बाहेरच्या नियतकालिकात छापून आलेला लेख आणा, मी स्वतः वर नेतो.

म्हणजे एका लेखावर आमचं गाव टांगलं. नोव्हेंबरच्या आत लेख छापला तर नळ, नाहीतर सतरा नंबर.

मला वाटलं, लेख लिहायला काय लागतं? विद्यापीठातला माणूस, बसेल नि लिहील. मग मी त्यांच्याकडे जायला लागले आणि पाहिलं काय लागतं ते. सकाळी आठला दोनशे पोरांचा वर्ग, खुर्च्या ऐंशी. दहाला दुसरा. दुपारी परीक्षेची राखण, संध्याकाळी पेपरांचे गठ्ठे. पाणी तपासायचं ते शनिवारी. तपासायची नळी परदेशातून मागवलेली. ती बंदरातल्या गोदामात सात महिने पडून राहिली, कारण कस्टमच्या माणसाला ते औषध आहे की यंत्र आहे ते ठरवता येईना. हातात आली तेव्हा आतलं द्रावण वाळलेलं. दुसरी त्यांनी स्वतःच्या पगारातून आणली. ती लावली की वीज जायची. वीज आली की पोरं यायची, सर, आमचे गुण. आणि आपल्याच विषयात जगात कोणी काय लिहिलंय ते वाचायचं तर दाराला कुलूप: विद्यापीठाने वर्गणी भरलेली नाही. मग ते अनोळखी लोकांना पत्रं लिहीत, कृपया तुमच्या लेखाची प्रत पाठवाल का. कुलिगाच्या खडकांवर कोणा जर्मनाने लिहिलेला एक लेख त्यांना दोन वर्षांनी मिळाला. आमचेच खडक.

तरी त्यांनी लेख लिहिला. पहिल्या नियतकालिकाने नऊ महिने ठेवून घेतला आणि कळवलं की विषयाला केवळ स्थानिक महत्त्व आहे. सरांनी ते मला वाचून दाखवलं, शांतपणे, हवामान सांगावं तसं. माझं डोकं फिरलं. मी विचारलं, दात काय लंडनच्या माणसाचे किडले की मगच ते दात? सर म्हणाले, किडत नाहीत, डागाळतात. असा माणूस. दुसऱ्यांनी उत्तरच दिलं नाही. तिसऱ्यांनी ऑगस्टमध्ये कळवलं: लेख घेतला.

त्या दिवशी मी पितोचं मडकं घेऊन त्यांच्या खोलीवर गेले. ज्वारीची ती दारू माझ्या बहिणीने उकळलेली होती. सर तुंबा हातात घेऊन बसून राहिले, ओठाला लावेनात. टेबलावर छापलेलं पत्र होतं. लेख घेतलाय, छापायला तयार आहे, फक्त प्रत्येक लेखकाने सोबतच्या फॉर्मवर सही करून एकवीस दिवसांत पाठवायचा. लेखक दोन. दुसरं नाव पोलिकार्प झिएम. पहिलं नाव प्रोफेसर अयामगा.

इथे थांबून अयामगांबद्दल सांगायला हवं. ते सरांचे गुरू. प्रयोगशाळेची किल्ली सरांच्या हातात पहिल्यांदा त्यांनी ठेवली. निवृत्त झाल्यावर ते गावी, कुलिगाला परतले आणि गावाने त्यांना नाबा केलं, म्हणजे आमचा राजा. लाल टोपी, चामड्यावरची बैठक, सगळं. त्यांनी या लेखासाठी एकही बाटली भरली नव्हती. पण सरांनी त्यांचं नाव पहिलं घातलं, आणि ते घालताना त्यांना विचारही करावा लागला नाही. एका ताटात जेवायला बसलो की मोठ्या माणसाने हात घातल्याशिवाय आपण घालत नाही. मग कागदावर कसं घालणार? हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. तिकडे पहिलं नाव म्हणजे ज्याने काम केलं तो.

पत्र आलं त्याच्या पाच दिवस आधी नाबा अयामगा वारले होते.

हे मी आज लिहिते कारण आता लिहायला हरकत नाही. तेव्हा ते उच्चारता येत नव्हतं. नाबा मरत नाही. तो आजारी असतो. घराणं वेळ पाहतं, पुढे कोण बसणार त्याची बोलणी होतात, पीक घरात येतं, मग एक दिवस नगारा वाजतो, थोरली मुलगी बापाची टोपी घालून दारात बसते, आणि त्या दिवशी नाबा मेलेला असतो. तोवर सगळ्या गावाला माहीत असतं आणि कोणीही बोलत नाही. नाबांच्या नावाने बाजारातून गिनी कोंबडी घेतली जाते. त्यांचं जेवण रांधून आत नेलं जातं. कोणी विचारलं तर म्हणायचं, नाबांना जरा कणकण आहे. त्याआधी कोणी तोंड उघडलं तर ते त्याच्या घराला भोवतं, असं आम्ही मानतो. मी? हो, मी पण.

सरांनी संपादकाला लिहिलं की प्रोफेसर सही करू शकत नाहीत. उत्तर दोन दिवसांत आलं. का करू शकत नाहीत? वारले असतील तर मृत्यूचा दाखला पाठवा, आम्ही तुमच्या एकट्याच्या सहीवर छापू. वारले नसतील तर सही हवी, किंवा नाव काढायला त्यांची लेखी संमती हवी. सरांनी लिहिलं, ते आजारी आहेत. संपादकाने त्यांना लवकर बरं वाटो म्हणून सदिच्छा दिल्या आणि चौदा दिवस वाढवून दिले.

मी ते ऐकून हसले. नंतर मला त्या हसण्याची लाज वाटली.

मी सांगितलं, द्या इकडे पेन, मी करते सही. साध्या रेघोट्या तर आहेत. सर खरंच पेन शोधायला लागले, मग थांबले. म्हणाले, "उद्या दाखला निघेल, लामिसीबाई. त्यावर तारीख असेल. मेल्यानंतर तीन आठवड्यांनी सही केलेला प्रोफेसर. मग माझे त्रेचाळीस हापसे पण खोटे."

ते बरोबर होतं. मी त्यांच्यावर ओरडले ते बरोबर होतं म्हणूनच.

मग मला सुचलं. दागारे माणूस आमच्या मयताला वाटेल ते बोलू शकतो. प्रेताची चटई ओढून घेतो, मेलेल्याची नक्कल करतो, रडणाऱ्यांना हसवतो, आणि त्याच्यावर हात उगारायचा नाही. जे आम्हाला बोलता येत नाही ते त्याला बोलता येतं. मी म्हटलं, सर, तुम्ही जा आणि थट्टेत बोलून टाका. घराण्याने ऐकून घेतलं की दाखल्याची वाट मोकळी.

घराण्याचा प्रमुख म्हातारा अतुब्गा, नाबांचा चुलतभाऊ. मोठ्यांच्या दारी नेतात ती कोलाची फळं आणि एक गिनी कोंबडी घेऊन आम्ही गेलो. त्याच्या सुनेने आधी बाजरीच्या पिठाचं पाणी आणून दिलं, पाहुण्याला देतात तसं. ते सतरा नंबरचंच पाणी. सरांनी भोपळ्याचा तुंबा दोन्ही हातांनी घेतला आणि सगळं प्यायले. त्यांच्याइतकं नेमकं कोणाला माहीत होतं की आपण किती मिलिग्रॅम पितोय?

अतुब्गा खूश होता. "माझा गुलाम आला. किती दिवसांनी. पळून गेला होतास ना?"

"धन्याने उपाशी ठेवलं म्हणून पळालो," सर म्हणाले. "आता परत आलो ते मोठ्या धन्याला भेटायला. आत आहेत ना? उठवा त्यांना. एवढं झोपणं बरं नाही. का फ्राफ्रा लोक मेल्यावरही घोरतात?"

अतुब्गा हसला, खरंच हसला, आणि सरांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"पोरा, तुझी थट्टा प्रेतासमोर चालते. इथे प्रेत कुठाय?"

मग सरांनी थट्टा सोडली आणि सरळ सांगायला सुरुवात केली: लेख, सही, नोव्हेंबर, नळ. ते त्यांच्या भाषेत बोलत होते आणि जिथे अडत होतं तिथे मी आमच्या भाषेत सांगत होते. अतुब्गाने सगळं ऐकलं. तो मूर्ख नाही. त्याच्या नातवाला आठव्या वर्षी काठी लागते. तो म्हणाला की नाबांच्या बैठकीवर दोन घरं हक्क सांगतायत, दोन्ही घरांत बंदुका आहेत. बोलणी पुरी व्हायच्या आत हे एक वाक्य या दारातून बाहेर पडलं, तर त्या रात्री पाणी प्यायला कोण उरेल ते त्याला सांगता येत नाही.

"तुझा कागद थांबेल का?" त्याने विचारलं.

"नाही."

"मेलेला माणूस थांबतो आणि कागद थांबत नाही?" त्याने मान हलवली. "बाजरी घरात येऊ दे. मग ये. तेव्हा तुला काय बोलायचं ते बोल."

आणि मी गप्प बसले. मी, जिने कचेरीत टेबलं आपटली, आमदाराची गाडी अडवली. मला फक्त उठून मोठ्याने बोलायचं होतं. बोल्गाच्या बाजारात उभं राहून एकदा ओरडले असते, तर संध्याकाळपर्यंत दाखला निघाला असता. मी गिनी कोंबडीच्या पायाला बांधलेली दोरी सोडत बसले. आजवर मला कोणी याबद्दल विचारलं नाही. सरांनीही नाही.

चौदा दिवस संपले. नाबांच्या घरून शिक्का मारलेलं पत्र मात्र मिळालं, 'नाबा प्रवासात आहेत, सुगीनंतर परततील.' सरांनी तेही पाठवलं. संपादकाने आभार मानून लेख मागे घेतल्याचं कळवलं.

नोव्हेंबरच्या शेवटच्या दिवशी मी कचेरीत होते. ओफोसुहेने साहेबाने यादी वाचली, मग मला दाखवली, कदाचित माझा विश्वास बसणार नाही म्हणून. पाइप डोंगराच्या पलीकडून जाणार होता. पुढची यादी पाच वर्षांनी. मी टेबल आपटलं नाही. त्याने मला खुर्ची दिली.

फेब्रुवारीत नगारा वाजला. थोरली मुलगी लाल टोपी घालून दारात बसली. सर आले, त्यांना दोन दिवस सगळ्यांनी थट्टेसाठी उचकवलं, ते दोन शब्द बोलले आणि कोपऱ्यात बसले. निघताना अतुब्गाने स्वतः दाखला त्यांच्या हातात दिला, घडी घालून, जपून. सरांनी तो लेखाबरोबर पाठवला. नियतकालिकाने ते नवं लिखाण म्हणून घेतलं, नव्या परीक्षकाकडे दिलं, आणि परीक्षकाने लिहिलं की अर्धी मोजमापं पाच वर्षांपेक्षा जुनी आहेत, ताज्या नमुन्यांवर पुन्हा करावीत. नळी तोवर मेली होती. नवीच्या मागणीवर विद्यापीठात चार सह्या लागतात; तीन झाल्यात. चौथा साहेब परदेशात परिषदेला गेलाय.

बढतीच्या समितीत तर वेगळीच गंमत. तिथे त्यांना विचारलं की अकरा वर्षांत तुमचं पहिलं नाव असलेला एकही लेख कसा नाही? विचारणाऱ्यांपैकी दोघांची नावं सरांच्या जुन्या, लहानसहान लेखांवर पहिली होती. मला हे त्यांच्या शिपायाने सांगितलं.

गेल्या शनिवारी ते कुलिगाला आले. बाटल्या नव्हत्या. लाल रंगाचा डबा आणि ब्रश होता. सतरा नंबरच्या हापशाच्या लोखंडावर त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं: ४.६. टिंब नीट गोल काढलं. रांगेतल्या बायका बघत होत्या. एकीने विचारलं, हा कुठल्या पक्षाचा नंबर? सरांनी सांगितलं. दीड कुठे, चार पूर्णांक सहा कुठे, हाडांना काय होतं, उकळून काय होत नाही. सगळं सांगितलं. वर्गात सांगत असतील तसंच.

"मग कुठलं प्यायचं?" ती म्हणाली. तिच्या पाठीवर पोर होतं. जवळचा दुसरा हापसा दोन मैलांवर, जानेवारीपासून कोरडा. ते सरांनाही माहीत होतं; त्यांनीच तो मोजला होता.

सर माझ्याकडे बघू लागले. मी त्यांच्याकडे.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

ती थोडा वेळ थांबली, अजून काही येतंय का बघायला. मग तिने भांडं तोटीखाली सरकवलं आणि दांड्याला हात घातला. "सर, जरा बाजूला व्हा," ती म्हणाली. "रंग ओला आहे. कापडाला लागेल."